एम.कॉम. घरून करू की कोल्हापुरात जाऊन?

ताई, नमस्कार.

आमचं गाव कोल्हापूर जिल्ह्याच्या टोकाला आहे. एसटीनं कोल्हापूर अडीच तास. मी २२ वर्षांची. यंदा बी.कॉम. झालं, ६८ टक्के मिळाले. गावातल्या पतसंस्थेत काउंटरला बसते, पगार नऊ हजार. मला पुढे कॉलेजात शिकवायचंय. विद्यापीठात एम.कॉम.चा वर्ग आहे आणि त्याच विद्यापीठाचं दूरशिक्षणाचं एम.कॉम.पण आहे. घरचे म्हणतात, घरबसल्या कर, पगार चालू राहील, डिग्री ती डिग्रीच. दादा पुण्यात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, त्याच्या मेसचे चार हजार माझ्या पगारातून जातात. मैत्रिणी म्हणतात, दूरशिक्षणाला कुणी विचारत नाही. बाजारात झेरॉक्सच्या दुकानावर एक सेंटर निघालंय, ते एका वर्षात एम.कॉम. करून देतो म्हणतात. घरून केलं तर मी कमी पडेन का?

– पतसंस्थेतली

प्रिय मुली,

आधी त्या झेरॉक्सच्या दुकानावरच्या सेंटरचा विषय संपवू. तिकडे पाऊलसुद्धा टाकू नकोस. तुझं बी.कॉम. तीन वर्षांचं, म्हणजे त्यापुढचं एम.कॉम. दोन वर्षांचंच. ते कुणी कुणाला ‘करून देत’ नाही. लांबच्या कुठल्या तरी विद्यापीठानं दुकानदाराला आपलं नाव वापरू द्यायचं, प्रवेश त्यानं घ्यायचे आणि फीमधला वाटा वर पाठवायचा, या पद्धतीला यूजीसीची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची, सक्त मनाई आहे. तरी फलक लागतात आणि मुलं भरडली जातात. नोव्हेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं काही अभिमत विद्यापीठांच्या दूरशिक्षणातल्या इंजिनिअरिंग पदव्यांबद्दल निकाल दिला. त्या विद्यापीठांनी हे अभ्यासक्रम लागणारी मंजुरी न घेताच चालवले होते. २००१ ते २००५ या काळात प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या स्थगित झाल्या, त्यांना नव्यानं परीक्षा द्यावी लागली. त्यानंतर प्रवेश घेतलेल्यांच्या तर रद्दच झाल्या. बारा-पंधरा वर्षं नोकरी केलेली माणसं होती ती, घरसंसार उभे केलेली. चूक विद्यापीठांची आणि घोर या माणसांच्या जिवाला.

म्हणून कोणत्याही विद्यापीठाचं दूरशिक्षण घेताना एक गोष्ट स्वतःच्या डोळ्यांनी बघायची. यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर मान्यतेची यादी असते. त्यात विद्यापीठाचं नाव दिसलं एवढ्यानं भागत नाही, कारण मान्यता अभ्यासक्रमाला असते आणि ठरावीक सत्रापुरती असते. तुझा अभ्यासक्रम, यंदाचं सत्र, दोन्ही त्यात दिसलं पाहिजे. २०२४ पासून प्रवेशाआधी विद्यार्थ्यानं तिथे स्वतःचा ‘डीईबी आयडी’ काढायचा असतो, त्यासाठी विद्यार्थ्याचे श्रेयांक (क्रेडिट्स) जिथे जमा राहतात त्या श्रेयांक पेढीचा म्हणजे एबीसीचा क्रमांक लागतो. हे तुझ्या मोबाइलवर तूच कर. दिवसभर लोकांच्या पैशाचा हिशेब ठेवतेस, ओटीपी दुसऱ्याला सांगायचा नसतो हे तुला मी काय सांगणार?

आता मैत्रिणींचं म्हणणं. ‘दूरशिक्षणाला कुणी विचारत नाही’ हे मी गेली तीस वर्षं ऐकतेय. आपल्याकडे तीन वेगवेगळ्या गोष्टी लोक एकाच पोत्यात भरतात, त्यातून हा समज झालाय. एक म्हणजे बहिःस्थ. फॉर्म भरायचा, गाईड आणायचं, थेट परीक्षेला बसायचं. दहावी-बारावीला १७ नंबरचा फॉर्म भरतात, त्याचंच हे मोठं भावंड. दुसरी गोष्ट तुझ्या त्या झेरॉक्सवाल्यासारख्यांची. आणि तिसरं खरं दूरशिक्षण. त्यात विद्यापीठ तुझ्यासाठी लिहून घेतलेली पुस्तकं देतं, गृहपाठ तपासतं, अभ्यासकेंद्रावर संपर्क सत्रं घेतं आणि मग परीक्षा घेतं. पहिल्या दोघांची बदनामी तिसऱ्याच्या माथी बसली.

या तिसऱ्याला आपल्याकडे चांगला इतिहास आहे. मुंबई विद्यापीठानं १९७१ सालीच पत्रद्वारा शिक्षण सुरू केलं, एकीकडे कॉलेजं आणि दुसरीकडे पोस्टानं जाणारे धडे. १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ निघालं. राम ताकवले त्याचे पहिले कुलगुरू. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्याचं ब्रीद, आणि ती गंगा खरोखर कुणाकुणाच्या घरी गेली ते मी पाहिलंय. मी एका तालुक्याच्या गावी कॉलेजात शिकवायची, जोडीला बरीच वर्षं अभ्यासकेंद्राची समन्वयक होते. रविवारी सकाळी माझ्या वर्गात एसटीचे कंडक्टर बसायचे, अंगणवाडीच्या सेविका बसायच्या, रात्रपाळी करून आलेली नर्स बसायची. एक बाई बाळ आईच्या मांडीवर देऊन आत यायच्या, आजी व्हरांड्यात. या माणसांच्या पदवीला कुणी हलकं म्हटलं की मला आजही राग येतो.

कागदावरचा हिशेब तर सरळच आहे. मान्यता असलेल्या विद्यापीठाची मुक्त, दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीनं मिळालेली पदवी ही वर्गात बसून मिळवलेल्या पदवीशी समकक्ष आहे, हे यूजीसीनं सप्टेंबर २०२२ मध्ये पुन्हा स्पष्ट केलंय. प्राध्यापक व्हायला नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा लागते, नेट देशपातळीवरची आणि सेट राज्याची. एम.कॉम.ला ५५ टक्के असले की, राखीव प्रवर्गात असशील तर ५० असले की, त्या परीक्षेला बसता येतं, मग ते एम.कॉम. घरून केलेलं असो की वर्गात जाऊन. पीएच.डी. मात्र दूरशिक्षणानं होत नाही. पुढेमागे ती करायची झाली तर घराबाहेर पडावंच लागेल, हे आत्ताच मनात धरून ठेव.

तेव्हा घरून केलंस म्हणून कागदावर तू कमी पडणार नाहीस. मला काळजी वाटते ती तुझ्या तासांची.

दूरशिक्षणात एक श्रेयांक म्हणजे विद्यार्थ्याच्या अभ्यासाचे ३० तास, असं नियमच सांगतो. पुस्तक वाचणं, गृहपाठ, संपर्क सत्र सगळं त्यात आलं. दोन वर्षांच्या एम.कॉम.चे ८० श्रेयांक धरले तरी २४०० तास झाले. दोन वर्षांचे आठवडे १०४. म्हणजे आठवड्याला २३ तास, दिवाळी, जत्रा, लग्नसराई, मार्चएंड काहीही न वगळता. एका वहीत तुझा दिवस लिहून बघ. पहाटे उठून धारा काढायच्या असतील, दूध डेअरीला घालायचं असेल, दहा ते साडेपाच पतसंस्था, पिग्मीवाल्यांची रक्कम जुळेपर्यंत सहा वाजत असतील. घरी आलं की स्वयंपाक. यात रोजचे सव्वातीन तास कुठे बसतात ते मला दाखव. मी टोमणा मारत नाही. बसत असतील तर घरून कर, मी पाठीशी आहे. पण ‘बघू, जमेल’ या भरवशावर नाव घालू नकोस.

केंद्रावर मी हेच पाहिलं. चाळीस जणांची नावं असायची, संपर्क सत्राला आठ-दहा यायचे. उरलेले आळशी नव्हते. कुणाच्या घरी पाहुणे आलेले, कुणाची भात लावणी, कुणाच्या सासूबाई आजारी. वर्गात बसलेल्या मुलीला दुपारी दोन वाजता कुणी ‘जरा दळण घेऊन ये’ म्हणत नाही, कारण ती तिथे नसतेच. तिचे तास वर्गाच्या भिंती राखतात. घरी पुस्तक घेऊन बसलेली मुलगी घरच्यांना रिकामीच दिसते. तुझे घरचे वाईट आहेत असं मी म्हणत नाही. शिकणं हे काम आहे हे त्यांना दिसत नाही, आणि काउंटरवर बसणं दिसतं, एवढंच.

दुसरी गोष्ट तुझ्या स्वप्नाची. तुला शिकवायचंय. उद्या कुणी बँकेतली बढती हवी म्हणून एम.कॉम. करायचं म्हणाली, तर मी तिला डोळे झाकून दूरशिक्षण सांगेन. एम.कॉम.ला प्रयोगशाळा लागत नाही, पुस्तकं चांगली असतात, हा विषय घरून होण्यासारखाच आहे. पण शिकवणं हे दुसऱ्याला शिकवताना बघून येतं. एखादा सर कॉस्टिंगचं गणित फळ्यावर मांडताना मुद्दाम मध्ये थांबतो आणि पुढची पायरी पोरांकडून काढून घेतो. ती थांबण्याची जागा पुस्तकात छापलेली नसते. सेमिनारला उभं राहिलं की पहिल्या वेळी पाय लटपटतात, तिसऱ्या वेळी लटपटत नाहीत. विद्यापीठाच्या ग्रंथालयात रात्रीपर्यंत नेटचा अभ्यास करणारी पोरं असतात, जुने पेपर त्यांच्याकडे मिळतात, कुठल्या कॉलेजात तासिका तत्त्वावर जागा निघालीय ते त्यांना आधी कळतं. खेड्यातून आलेल्या मुलीला या ओळखी वारशानं मिळत नाहीत, तिथे जाऊन बसल्यावरच मिळतात.

म्हणून माझं मत सांगते. तू कोल्हापूरला जावंस.

आणि जायचं तर राहायला जा. रोज अडीच तास जायला, अडीच तास यायला असं अप-डाउन करून एम.कॉम. होतं, पण माणूस शिणून जातो. २०२३ च्या मार्चपासून बायकांना एसटीत निम्मं तिकीट आहे, विद्यार्थ्यांचा पासही मिळतो, तेव्हा पैशाचं म्हणशील तर परवडेल. वेळेचं परवडणार नाही. वर्गाला ७५ टक्के हजेरी लागते, आणि पावसाळ्यात तुमच्याकडच्या गाड्यांचं काय होतं ते मी वेगळं सांगायला नको.

कोल्हापूर हे तर वसतिगृहांचंच गाव. गावात शाळा होत्या, पण खेड्यातल्या पोरानं राहायचं कुठे, या एका अडचणीपाशी सगळं अडत होतं. हे ओळखून शाहू महाराजांनी १९०१ पासून एकामागून एक जातीजमातींची बोर्डिंगं उभी करायला मदत केली. पुढे ज्यांनी ‘कमवा आणि शिका’ हा मंत्र महाराष्ट्रभर नेला ते भाऊराव पाटील याच जिल्ह्यातल्या कुंभोजचे आणि कोल्हापुरातच वसतिगृहात राहून शिकलेले. शिवाजी विद्यापीठातही ‘कमवा आणि शिका’ योजना आहे. तिथे मुलींसाठी यंदा किती जागा आहेत, अर्ज कधी भरायचा, हे फोनवर न विचारता एक दिवस रजा टाकून समक्ष जाऊन विचार. मुलींच्या वसतिगृहाच्या रेक्टरबाईंना भेट. समाजकल्याणची वसतिगृहं आणि तुझ्या प्रवर्गाला लागू असलेली निर्वाह भत्त्याची योजना, हेही त्याच फेरीत विचारून घे. बऱ्याच शिष्यवृत्त्या आणि भत्ते वर्गात बसणाऱ्या विद्यार्थ्यांसाठीच असतात, हा हिशेब घरून करण्याच्या स्वस्ताईत कुणी धरत नाही. आणि मुलींना फी माफ झाली असं गावात कुणी म्हणालं तर ऐकून घे, पण २०२४-२५ पासूनची ती सवलत व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आहे. तुझ्या एम.कॉम.ला काय लागू होतं ते विद्यापीठातच विचार.

आता ज्या वाक्यावर मी सगळ्यात जास्त वेळ थांबले, त्याकडे येते. ‘दादाच्या मेसचे चार हजार माझ्या पगारातून जातात.’ तू हे तक्रारीच्या सुरात लिहिलेलं नाहीस, मधल्यामध्ये एका ओळीत लिहून पुढे गेलीस. मी मात्र पुढे जाऊ शकले नाही. दादाला शिकायला पुणं लागतं, होस्टेल लागतं, मेस लागते, आणि तुला शिकायला घर पुरतं, हे कुणी ठरवलं? घरबसल्या शिकण्याची सोय ज्यांना घर सोडता येत नाही अशांसाठी निघाली, त्या माझ्या व्हरांड्यातल्या बाळाच्या आईसाठी. मुलीला घर सोडू द्यायचं नाही म्हणून तीच सोय पुढे केली जाते तेव्हा मला वाईट वाटतं. घरातल्यांनी असा डाव आखलाय असं मी म्हणत नाही. पगार थांबेल ही भीती खरी आहे, नऊ हजार ही काही छोटी रक्कम नाही. पण तुझ्या अख्ख्या पत्रात घरचे आहेत, मैत्रिणी आहेत, झेरॉक्सवाला आहे, आणि दादाचं मत काय ते कुठेच नाही. त्याला विचारलंस का?

त्याचं शेवटचं वर्ष आहे. म्हणजे हे चार हजार आणखी आठ-दहा महिन्यांचा प्रश्न आहेत. तो शिकवण्या घेऊ शकेल, शेवटच्या वर्षासाठी शैक्षणिक कर्ज मिळतं का ते बँकेत विचारू शकेल, नोकरी लागल्यावर तुझं दुसरं वर्ष उचलू शकेल. कदाचित तो ‘मला जमणार नाही’ म्हणेल. पण तुझ्या पैशावर जेवणाऱ्या भावाला तुझ्या शिक्षणाबद्दल विचारायचंच नाही, हे त्याच्यावरही अन्याय करणारं आहे. घरात बाबांशी बोलताना तो तुझ्या बाजूला असला तर बोलणं वेगळं होतं.

तरीही नाहीच जमलं, पगारावाचून घर खरंच चालत नाही असं दिसलं, तर दूरशिक्षणाला नाव घाल आणि मान वर ठेवून घाल. वर्ष वाया घालवू नकोस. मात्र घरच्यांशी तीन गोष्टी आधी बोलून घे. सकाळचे दोन तास तुझे, त्या वेळी धारा दुसरं कुणी काढेल. रविवारचं संपर्क सत्र म्हणजे कामावर जाणं, त्या दिवशी पाहुणे येवोत की जत्रा असो. आणि पगारातली काही रक्कम तुझ्या नावावर, पुस्तकं आणि फीसाठी, घरच्या डब्यात जाणार नाही. पतसंस्थेच्या मॅनेजरांना परीक्षेच्या रजेचा अर्ज आत्ताच लेखी देऊन ठेव. परीक्षा आणि मार्चएंड एकमेकांच्या अंगावर आले की ‘आधी सांगायचं होतंस’ हे ठरलेलं उत्तर असतं. गृहपाठ दुसऱ्याचा उतरवू नकोस. दूरशिक्षणात तीस टक्क्यांपर्यंत गुण त्या अंतर्गत मूल्यमापनाचे असतात हे खरं, पण मी ते गुणांसाठी सांगत नाही. घरून शिकताना तू लिहिलेलं कुणीतरी वाचतंय अशी ती एकच जागा असते. केंद्रावर आलेल्या आठ-दहा जणांतून दोघी-तिघी हेरून ठेव आणि त्यांच्याबरोबर आळीपाळीनं एकेक प्रकरण शिकव. हो, शिकव, नुसतं वाचू नकोस. गावातल्या अकरावी-बारावीच्या पोरांना आठवड्यातून एकदा अकाउंट्स शिकवलंस तर त्याहून बरं. वर्गात न बसता शिकवण्याचा सराव करायचा तो असा.

कुणीतरी तुला असंही सांगेल, की २०२२ पासून एकाच वेळी दोन पदव्या करता येतात, मग एम.कॉम.बरोबर एम.बी.ए.पण ऑनलाइन करून टाक. नियमात ते बसतं. पण आठवड्याचे २३ तास तुला सापडलेले नाहीत, ४६ कुठून आणशील? असल्या सल्ल्यांना हसून मान डोलव आणि सोडून दे.

आज पत्र मिळालं, आजच उत्तर लिहायला बसले, कारण प्रवेशाचे दिवस थांबत नाहीत. दोन्हीकडच्या शेवटच्या तारखा वहीत लिहून ठेव आणि विद्यापीठाच्या विभागात अर्ज भरून टाक. अर्ज भरला म्हणजे गेलीस असं होत नाही, पण अर्जच नसेल तर घरात कितीही बोलणं झालं तरी उपयोग नाही. आणि या रविवारी, दादा मेसवर जेवायला जायच्या आधी, त्याला फोन कर. आई शेजारी बसलेली असताना नको. शेतात किंवा देवळाच्या कट्ट्यावर जा, आणि त्याला पहिल्यांदा एवढंच सांग, की तुला प्राध्यापक व्हायचंय. हे त्याला माहीत आहे का, हेसुद्धा तुझ्या पत्रात नाही.

तो काय म्हणाला ते मला कळव.

तुझी,
ताई